अपील करणे उचित

“न्याय विभाग हाच ना?” दारातल्या बाईंनी विचारलं.

“हाच. पण न्याय असा एका खोलीत मिळत नाही, बाई,” तारीखकाका मान खाली ठेवूनच म्हणाले. “वरच्या मजल्यावर कायद्यांचे मसुदे करतात. पलीकडच्या जिन्याने गेलात तर सरकारी वकील नेमणारे. त्यांच्या शेजारी बाकीच्या खात्यांना सल्ला देणारे. तुम्हाला कोण हवंय?”

“सरकार केस हरलं की कागद कुठे येतो?”

आता काकांनी मान वर केली. “मग बसा. ते आम्ही.”

सरकारविरुद्ध निकाल लागला की अपील करायचं की नाही, हे या कक्षात ठरायचं. मुदत नव्वद दिवसांची. एकोणतीस वर्षांत काकांनी एकही मुदत चुकू दिली नव्हती, म्हणून तर सगळी इमारत त्यांना तारीखकाका म्हणे. पहिली टिपणी त्यांची. ती कक्ष अधिकारी मॅडमकडे, तिथून सहसचिव साहेबांकडे जायची आणि सह्या घेऊन खाली यायची. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि काकांच्या कारकिर्दीवर डाग म्हणून शोधूनही सापडला नसता.

बाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. चुकीचं इंजेक्शन देऊन रोगी दगावला, असा ठपका ठेवून नऊ वर्षांपूर्वी त्यांना बडतर्फ केलं होतं. गेल्या महिन्यात कोर्टाने तो आदेश रद्द केला.

“मग आता काळजी कसली?” काका म्हणाले.

“चार महिन्यांनी माझं नोकरीचं वय संपतंय. तुम्ही अपिलात गेलात तर स्थगिती मिळणार आणि मी बडतर्फ म्हणूनच घरी बसणार. मला एकदा त्या वॉर्डात ड्यूटीवर उभं राहायचंय हो. सगळ्यांच्या देखत.” त्यांनी निकालाची प्रत टेबलावर ठेवली. “एवढं वाचा.”

“बघतो,” काका म्हणाले. असं ते सगळ्यांनाच म्हणत.

बाई गेल्यावर त्यांनी नोंदवही उघडली. हे प्रकरण त्यांच्या हातून कधीच वर गेलं होतं. आठ दिवसांपूर्वी त्यांनीच टिपणी लिहिली होती: शासनाच्या हितास बाधा येत असल्याने अपील करणे उचित होईल. कुठल्याही निकालाला चपखल बसेल असं ते वाक्य होतं. काका निकालाचं फक्त शेवटचं पान बघत, कारण सरकार हरलं का आणि कधी हरलं एवढंच त्यांना लागे. अपील केल्याबद्दल आजवर कुणाला जाब विचारला गेला नव्हता. न केल्याबद्दल मात्र चांगल्या चांगल्यांच्या नाकी नऊ आले होते.

ती प्रत त्यांनी उगाचच पिशवीत टाकली. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी ती पसरली, तेव्हा बायकोने डोळे मोठे केले.

“जन्मात कधी घरी काम आणलं नाहीत. आता जाता जाता हौस आली?”

 काका एकतिसाव्या पानावर अडकले होते. ज्या दिवशी ते इंजेक्शन दिलं गेलं, त्या दिवशी बाई कामावरच नव्हत्या. त्यांची रजा मंजूर होती. दवाखान्याच्याच हजेरीपटावर तशी नोंद होती. चौकशीत तो पट कुणी उघडलाच नव्हता.  काकांना लाज वाटली ती दवाखान्याची नव्हे, स्वतःची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमसमोर नवी टिपणी धरली. ‘माझी पूर्वीची टिपणी सदोष आहे. अपील करण्यासारखे काही नाही.’

“काका, अहो, शेवटच्या दोन महिन्यांत का स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?” मॅडम कळवळून म्हणाल्या. “लोक म्हणतील, बाईने काहीतरी दिलं असेल.”

“म्हणू देत.”

“आणि त्या पहिल्या टिपणीवर माझीही सही आहे!”

“तुम्ही माझ्यावर विश्वासून केलीत. तसंच लिहिलंय मी. दोष माझ्या एकट्याचा.”

मॅडमनी सही करून कागद पुढे पाठवला. सहसचिव साहेबांनी काकांना बोलावून घेतलं.

“एकोणतीस वर्षांत तुम्ही ‘अपील नको’ असं एकदाही लिहिलेलं नाही. मग याच वेळी का?”

काकांनी सभ्य, सरकारी उत्तर जुळवून ठेवलं होतं. ते ऐन वेळी आठवलंच नाही.

“साहेब, या वेळी वाचलं.”

साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, मग स्वतःच्या टेबलावरच्या फायलींकडे पाहिलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या, या वेळी गणवेशात. पांढरा रंग इतका नवा होता की कापडाची घडी अजून मोडली नव्हती. “कालपासून रुजू झाले,” त्या म्हणाल्या आणि वाकून नमस्कार करू लागल्या. काका खुर्ची सारून मागेच सरले.

“नको, बाई. अपील करा असंही मीच लिहिलं होतं. तुमचा निकाल न वाचता.”

बाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. 

“म्हणजे मी त्या दिवशी आले नसते तर?”

“तर अपील झालं असतं.”

त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. दोऱ्याने बांधलेले निकाल हनुवटीएवढे चढले होते.

“आणि ह्यांच्यातलं कुणी येऊन गेलंय का?”

“नाही,” काका म्हणाले.

बाईंना दुपारची ड्यूटी होती. त्या निघून गेल्या. काकांनी गठ्ठ्याचा दोरा सोडला, वरचा निकाल समोर ओढला आणि शेवटच्या पानाकडे न जाता पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. गठ्ठ्यात त्रेसष्ट निकाल होते आणि त्यांच्या नोकरीचे एक्केचाळीस दिवस उरले होते.