साखरेचं दार

हिंगण्यातल्या आमच्या डेअरीत दही लागायचं बंद झालं, तेव्हा मालक भैयाजींनी टाकीला लिंबू-मिरची बांधली. दुधावर काही परिणाम झाला नाही. ते दूधच राहिलं.

दोन दिवसांवर नरखेडला लग्न होतं आणि मठ्ठ्याचं दही आमच्याकडून जायचं होतं. भैयाजींनी लॅबवाल्या श्वेताला सांगून टाकलं, "उद्या सकाळी दही नाही लागलं, तं तू घरीच बस."

"विरजणातल्या जीवाणूंले विषाणू लागला, भैयाजी. थे विरजण फेकावं लागते."

"माह्या मायचं विरजण हाय थे! उमरेडहून डब्यात आणलं होतं तिनं." मग त्यांना दया आली. "उपाशी असतीन बिचारे. साखर टाका गा!"

साखर जितेंद्रनं आणली. जितेंद्र म्हणजे भैयाजींचा जावई, त्यांच्या काजलचा नवरा. लग्नानंतर चार दिवस राहायला आला होता, आता खरेदी त्याच्याकडे आहे आणि केबिनही. अर्धं पोतं टाकीत गेलं, अर्धं त्याच्या गाडीच्या डिक्कीत. दूध गोड झालं, एवढंच.

श्वेतानं कपाळाला हात लावला. "साखर बाहेर ढीगभर हाय, भैयाजी. जीवाणूले थे आत घ्याचं दार असते. काही विषाणू त्याच दारातून शिरतात. मंग जीवाणू खात राहते, पण पोसल्या जातात विषाणूची पिल्लं. शेवटी दार निकामी होते, जीवाणू फुटते अन् पिल्लं शेजारच्याकडे जातात."

भैयाजी बराच वेळ टाकीकडे पाहत राहिले. मग केबिनकडे.

"दारच बंद केलं तं?"

"विषाणू येनार नाही. पण साखरही येनार नाही."

"तोच तं लफडा हाय वं," भैयाजी हळूच म्हणाले. "आमची काजलही त्याच दारानं माहेरी येते."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं मायचा डबा गटारात रिकामा केला. डोळ्यांत पाणी होतं. श्वेतानं टाक्या उकळत्या पाण्यानं धुतल्या, पाकिटातलं नवं विरजण घातलं. सकाळी चमचा उभा राहील असं दही लागलं आणि नरखेडला गेलं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून भैयाजींनी विषाणू-नियंत्रण विभाग काढला. प्रमुख जितेंद्र. श्वेताची नोकरी वाचली, ती त्याच्या हाताखाली आहे.

विभागाची पहिली मागणी काल आली. साखर, दोन पोती.