ठमाबाईचं नाव

शालिक गुरुजींना खणखणीत आवाज देवानं दिलाय, असं लोक म्हणत. गुरुजी देव मानत नव्हते, तेव्हा तो त्यांनी स्वतःच कमावला असं म्हणू. बापानं छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, मुलगा कुरखेड्याजवळच्या शाळेत मास्तर झाला, आणि शहाऐंशीच्या हिवाळ्यात सायकलीला पोंगा, म्हणजे कर्णा, बांधून त्यानं करणी-भानामतीविरुद्ध मोहीम उघडली. जादूटोणा थोतांड आहे, माणसानं माणसाला माणसासारखं वागवावं, एवढंच सांगायचं होतं. थोडक्यात सांगणं मात्र गुरुजींना कधी जमलं नाही.

मोहिमेला निमित्त झालं ठमाबाईचं. खैरटोल्याची ही विधवा ढिवरीण तळ्यातली मासोळी बाजारात विकून पोट भरायची. गावात हगवणीनं दोन लेकरं गेली आणि चार घरांत कुजबुज उठली, की बाई करणी करते. गुरुजी धावून गेले. चावडीपुढं सगळ्यांदेखत तिच्या हातचा भात खाल्ला, विहिरीत औषध टाकून घेतलं. हगवण थांबली, कुजबुजही थांबली. इथंच गुरुजी थांबले असते तर बरं झालं असतं.

पण यश डोक्यात गेलं. पुढच्या अकरा गावांत त्यांनी तोच दाखला दिला. नाव, गाव, धंदा, सगळं पोंग्यातून. "खैरटोल्याची ठमाबाई! लोक तिला करणीवाली म्हणत. मी विचारतो, ती करणीवाली आहे का? नाही!" टाळ्या पडत. तिला एकदा विचारून घ्यावं, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

माघात ते बाजारात भाजी घ्यायला गेले, तर ठमाबाई टोपलीपुढं बसलेली. दुपार कलली होती तरी टोपली भरलेलीच. शेजारची ढिवरीण मात्र रिकामी टोपली झटकून निघाली होती. एक बाई मरळ पाहायला वाकली, तेवढ्यात सोबतिणीनं तिचा पदर ओढला.

"नोको घेऊ वो. खैरटोल्याची ठमाबाई होय थे. करणीवाली."

"तुले कोनं सांगतलं?"

"गुर्जीनं. पोंग्यात सांगतलं ना!"

गुरुजींच्या कानावर हे पडलं. अकरा गावांत ठणकावून म्हटलेलं 'नाही' कुठल्या कुठं उडून गेलं होतं. लोकांनी घरी नेलं होतं ते नाव, आणि नावाला चिकटलेला तो एक शब्द. चार घरांत विरून गेलेली कुजबुज आपणच सायकलीवर घालून गावोगाव घरपोच केली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

लाज वाटली की माणूस त्याला जे जमतं तेच करायला धावतो. गुरुजी बाजाराच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला. "बंधूंनो..."

ठमाबाईनं उठून त्यांचा हात धरला. "गुर्जी, पाया पडतो तुमच्या. माहं नाव नोका घेऊ आता."

"बाई, चुकलं माहं."

"चांगल्यासाठीच केलं तुमी, थे समजते मले." ती पुन्हा टोपलीपाशी बसली. "एक काम करा. जिथी तुमची सभा नाई झाली, असं एखांदं गाव सांगा. तिथी बसतो मी."

गुरुजी आठवू लागले. बाजाराचं एकही गाव सोडलं नाही, ही कालपर्यंत त्यांची फुशारकी होती. बराच वेळ डोकं खाजवल्यावर नदीपलीकडलं पळसटोला आठवलं. तिथली सभा येत्या रविवारी होती.

ती त्यांनी रद्द केली. रविवारी पोंगा घरी ठेवून सायकलीला टोपली बांधली आणि ठमाबाईसोबत तीन कोस चालत गेले. वाटभर ती तळ्याच्या नि झिंग्यांच्या गोष्टी सांगत होती. तिनं एखादी शिवी हासडली असती, तर गुरुजींना हलकं वाटलं असतं.

पळसटोल्यात टोपली उतरते न उतरते तोच गिऱ्हाइकं जमली. एका म्हातारीनं दोन मरळी निवडल्या. ठमाबाईनं त्या पळसाच्या पानांत बांधून दिल्या. कित्येक दिवसांनी ती हसली.

"ताजी हाये वो मासोळी," म्हातारी म्हणाली. "दर बाजारी येत जा. नाव काय तुह्यं, बाई?"

ठमाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग सायकल धरून उभ्या असलेल्या गुरुजींकडं वळून तिनं हळूच विचारलं,

"काय सांगू, गुर्जी?"

अकरा गावांत पोंग्यातून घेतलेलं ते नाव गुरुजींच्या तोंडून निघेना.