दोन सूत

“इंजिन खाली घेतलं की आधी दांडी बांध. हात नंतर पूस.”

बाबांनी लेकीला हे पहिल्यांदा बजावलं तेव्हा ती कॉलेजात होती. सुट्टीत गॅरेजवर यायची, आणि बाहीला ऑइल लागू नये याचीच तिला जास्त काळजी.

“बाबा, लोखंड आहे ते,” ती म्हणाली होती. “कुठे पळून जातंय?”

बाबा जुन्या मोटरसायकलींच्या चासी सरळ करायचे. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. टाकी, दिवे, चाकं सगळं उतरवल्यावर जे उरतं ते. गल्लीत त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, सगळ्यांचे ते हाडवैद्य. लेकीलाही त्यांनी नाव ठेवलं होतं. लहानपणी कोणताही पाना मागितला तरी ती दहा नंबरचाच आणून हातात द्यायची, म्हणून ती दहानंबरी. लग्न झालं, मूल झालं, तरी दहानंबरीच.

आई दारातल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची आणि वेळ आली की दोरीचं दुसरं टोक धरायची. चासी वाकडी आहे का ते बघायला बाबा एक टोक गाडीच्या मानेशी, हँडलच्या मुळाशी धरत, दुसरं आईकडे. आई एक डोळा मिटायची.

“डावीकडे गेलीय.”

“किती?”

“तुमच्या भांगाइतकी.”

भिंतीला नेहमी तीन-चार चासी टेकवलेल्या असत. नवखं गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, “सगळ्या सारख्याच दिसतात की हो.” एवढं ऐकलं की बाबांच्या अंगात यायचं. ते गिऱ्हाइकाचा हात धरून पहिल्या चासीच्या खालून फिरवत.

“काही लागलं हाताला?”

“नाही.”

“नाहीच लागणार. मानेकडून आलेली नळी इथे संपते, सीटखालची तिथे. मधली पोकळी इंजिन भरून काढतं. ही पहिल्या पिढीची. इंजिन हिच्यावर बसलेलं नाही, इंजिननं हिला धरून ठेवलंय. पुढच्या पिढीत बघा, नळ्या खालून वळून मागे गेल्या, पाळणा झाला. इंजिन आत झोपतं. वर्षभर बाहेर काढून ठेवा, हिला पत्ता नाही. त्यापुढचं इंजिन दांडगं, ते वरच्या जाड कण्याला टांगलं, खुंटीला पिशवी टांगावी तसं.”

“मग पहिलीतलं इंजिन काढलं तर ती पडते?”

“पडली असती तर बरं झालं असतं. पडत नाही, हीच तिची लबाडी. स्टँडवर उभीच्या उभी दिसते आणि आपल्याच वजनानं केसाकेसानं फाकत जाते. म्हणून ही दांडी.” आणि ते खिळ्यावरची लाल दांडी दाखवत. इंजिनाच्या जागी ती आडवी बांधायची, दोन्ही टोकांना बोल्ट आवळायचे. भंगारात जाऊ नये म्हणून तिला लाल रंग आईनं दिला होता.

इथे आई स्टुलावरून बोलणार हे ठरलेलं. “आमचीही जोडी पहिल्या पिढीतलीच बरं का. फक्त दोघांत इंजिन कोण ते विचारू नका.”

“आवाजावरून कळत नाही होय?” बाबा म्हणत.

आई आजारी पडली त्याच सुमाराला बाबांनी स्वतःच्या गाडीचं इंजिन उतरवलं होतं. त्याच गाडीवरून त्यांनी आईला लग्नानंतर घरी आणलं होतं. इंजिन बाकावर उघडं पडलं आणि दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. लेकीची तान्ही मुलगी नुकती मान धरायला लागली होती, तेव्हा आई गेली.

लेक तशी डोळ्यांत तेल घालून जगणारी. बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. आंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घ्यायची. भुकेचं रडणं, झोपेचं रडणं, उगाचचं रडणं, सगळी वेगळी ओळखायची. नवरा म्हणायचा, “अगं, बाळ आहे ते, दूध नाही उतू जायला.” आणि रोज संध्याकाळी न चुकता बाबांना फोन.

“जेवलात?”

“हो.”

“औषध?”

“हो गं बाई.”

“डबा पुरतो ना?”

“उरतो.”

डबा नवरा कामावर जाताना गॅरेजवर देऊन यायचा. परत यायचा तो लख्ख घासलेला. तिला बरं वाटायचं.

एकदा ती बाळाला घेऊन गेली. बाबांची गाडी गॅरेजच्या मधोमध मेन स्टँडवर उभी होती. इंजिन बाकावर, जुन्या चादरीखाली. लाल दांडी खिळ्यावर. भिंतीत स्टुलाच्या उंचीवर एक नवा खिळा ठोकलेला दिसला, त्याला दोरीचं टोक बांधलेलं होतं. दुसरं टोक धरायला आता तोच. बाबा पाना उचलायला वाकले, शर्ट वर सरकला आणि तिला पट्टा दिसला. त्यावर एक नवं भोक होतं, पंचनं पाडलेलं, अगदी गोल.

“नवं भोक पाडलंत?”

“चामडं आहे. ओढून ओढून वाढतं.”

“आणि गाडीला दांडी नाही बांधलीत ती?”

बाबा बाळाकडे बघत होते. “ही तुझी दुसऱ्या पिढीची. बघ, चारी बाजूंनी धरावी लागते.”

“बाबा, दांडी.”

“लोखंड आहे ते,” बाबा म्हणाले. “कुठे पळून जातंय?”

तिला हसू आलं. इतक्या वर्षांपूर्वीचं आपलं वाक्य त्यांना अजून पाठ आहे, याचं कौतुकही वाटलं. तेवढ्यात बाळ रडलं. भुकेचंच होतं. ती घाईनं निघाली. घरी नवऱ्यानं विचारलं, “कसे आहेत बाबा?” ती म्हणाली, “मस्त. टोमणे मारतायत.”

पावसाळी हवेत बाबांना खोकला झाला. शेजारच्या लेथवाल्या काकांनी फोन करून बोलावलं तेव्हा बाबा बाकाला टेकून खाली बसले होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पोटभर शेवटचं कधी जेवले होते?”

“रोज जेवतात,” ती म्हणाली. “मी रोज विचारते.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “खोकला आत्ताचा आहे. अशक्तपणा आत्ताचा नाही.”

त्याच आठवड्यात बाबा गेले. जाण्याआधी एकदा शुद्धीवर आले, तिच्या हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे बघून म्हणाले, “दहाचाच आणलास ना?” ती हो म्हणाली.

नर्सनं कपड्यांची पिशवी हातात दिली. पट्टा वर होता. दुकानातून आलेली भोकं पहिली, त्यापुढे बाबांनी पाडलेली. एकापुढे एक, सारख्या अंतरावर, मोजून मापून. तिनं त्या दिवशी पाहिलं होतं ते यातलं पहिलंच असावं. शेवटचं इतकं आत होतं की उरलेलं टोक पाठीपर्यंत पोचलं असतं.

गॅरेज आवरायला ती गेली तेव्हा लेथवाले काका दाराशी येऊन उभे राहिले. आत येईनात.

“डबा मी खायचो, पोरी.”

“म्हणजे?”

“ते म्हणायचे, लेकीनं आज दोन पाठवलेत, एक मी संपवला, हा तुम्ही संपवा. रोज तेच. मला वाटलं, हौशी पोर आहे, पाठवत असेल.” काकांनी स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं. त्यांचा पट्टा शेवटच्या भोकावर आला होता. “मी ढिला करत गेलो, ते आवळत गेले. भिंतीला भिंत लागून आमची दुकानं.”

तिनं बाकावरच्या इंजिनाची चादर ओढून काढली. मग म्हणाली, “काका, इंजिन बसवू या. गाडी अशी पोकळ नको राहायला.”

नवऱ्यानं आणि काकांनी इंजिन उचलून आणलं. पुढचा बोल्ट हातानं गेला. मागचा जाईना. दोन भोकं समोरासमोर यायला हवीत, तिथे चंद्राच्या कोरीएवढीच फट दिसत होती. काकांनी पोलादी पट्टी लावून बघितली.

“दोन सूत.”

दोन सूत म्हणजे पाव इंच. करंगळीचं नखही नाही.

“जॅक लावून ओढली तर बसेल,” काका म्हणाले. “पण मानेत ताण राहील. आज नाही, उद्या तडा जाईल. हाडवैद्य असते तर त्यांनी ऊब देऊन हळूहळू आणली असती. मला ते येत नाही.”

तिनं खिळ्यावरची लाल दांडी काढली, पुसली आणि इंजिनाच्या जागी धरून पाहिली. तीही दोन सूत अपुरी पडली. स्टुलावर बसून तिनं एक डोळा मिटला, आई मिटायची तसा. गाडी सरळ दिसत होती. कुठेच काही वाकलेलं नव्हतं. बाळ शेजारी झोळीत झोपलं होतं आणि तिचं बोट सवयीनं त्याच्या नाकाखाली गेलं.

इंजिन अजून बाकावरच आहे. गाडी विकत घ्यायला माणसं येतात, ती विकत नाही. पण आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारते, “घरात मागे एकटं कोण राहिलंय?” माणसं चपापतात. कुणाचे सासरे निघतात, कुणाची मावशी, कुणाचा थोरला भाऊ. “बरे आहेत तसे,” असं म्हणतात. “कालच फोन झाला.”

तुमच्याही माहितीत असं कुणी असेल, जोडीदार गेल्यावरही उभंच्या उभं दिसणारं, विनोद करणारं, डबा घासून परत पाठवणारं. तिचं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. फोनवर ‘जेवलात का’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च येतं. आज जाऊन या. समोर बसवून जेवायला वाढा, ताट संपेपर्यंत उठू नका. आणि ते हात धुवायला उठले की तेवढा पट्टा बघा.