मामा झोपलेत, हळू बोला

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पण तुम्ही दप्तरात कोंबता ती नव्हे हं! पावसाशी माझा काडीचाही संबंध नाही. पाऊस सुरू झाला की आम्हाला गुंडाळून कोठीत टाकतात. मी उन्हाची छत्री. परमुलखातल्या समुद्रकाठी एक मोठं हॉटेल आहे, त्याच्या वाळूत उभं राहायचं आणि पाहुण्यांवर सावली धरायची, एवढंच माझं काम. माझ्याखाली दोन लांबलचक खुर्च्या मावतात, आणि मधे एखादं हट्टी मूलही मावतं.

मी कारखान्यातून आले तेव्हा माझे निळे-पांढरे पट्टे असे कोरे करकरीत होते की मला थेट पहिल्या रांगेत उभं केलं, अगदी लाटांसमोर. लोक माझ्याखाली बसून फोटो काढून घेत. एका नव्या नवरीने तर माझ्या दांड्याला मिठी मारून फोटो काढला होता. स्वतःचं कौतुक स्वतः सांगू नये म्हणतात, पण मी नाही सांगितलं तर सांगणार कोण? मी अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी वावटळ आली आणि मला गरागरा फिरवत दगडांवर आपटून गेली. कापड टरकलं, दांडा खिळखिळा झाला. "टाकून द्या हिला," असा हुकूम सुटला.

हुकूम सोडणारे होते किनाऱ्यावरचे सुपरवायझर. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे, म्हणून सगळे त्यांना मागे शिट्टीसाहेब म्हणत. समोर अर्थात नुसतं साहेब!

त्याच आठवड्यात मामा कामावर आले. अशा हॉटेलांत बरेचसे कामगारही उन्हाळ्यापुरतेच असतात. दूरदूरच्या देशांतून येतात, मोसमभर राबतात आणि गर्दी ओसरली की आपापल्या घरी जातात. मामांच्या भाचीला इथल्या कपडे धुण्याच्या खोलीत काम मिळालं होतं. पण तिच्या आईने बजावलं, "एकटी परदेशी जायचं नाही. मामा बरोबर असेल तरच जा." मामा बिचारे गावी ताडपत्र्या शिवत. समुद्र त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण बहिणीचा शब्द आणि भाचीचा चेहरा! त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि तिच्या पाठोपाठ निघाले. भाची चादरी-टॉवेलांत बुडाली आणि आम्हा छत्र्यांच्या वाट्याला मामा आले. ती मामा म्हणे म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणू लागले.

कचऱ्याच्या ढिगात मला पाहून मामा थांबले. "अरे, एवढ्यासाठी कुणी छत्री टाकतं होय?" म्हणाले, आणि गावाहून आणलेलं दाभण काढून तिथेच फतकल मारून बसले. माझ्यावर त्यांनी हिरव्या कापडाचं ठिगळ लावलं. दांड्याला पाचर मारली. मग वाळूत हातभर खोल खड्डा करून मला असं रोवलं की वाऱ्याच्या बापालाही मी हलले नसते. निळ्या-पांढऱ्यावर हिरवं ठिगळ! पहिल्या रांगेची शोभा गेली खरी. माझी रवानगी शेवटच्या रांगेत झाली, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीजवळ. पण खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. जग एवढ्यात मला विसरलं होतं आणि एका माणसाने मला जवळ केलं होतं.

उजाडायच्या आत मामा सगळ्या छत्र्या उघडत. ऊन कलेल तसं आम्हाला वाकवत. पाहुण्याने नुसतं बोट वर केलं की मामा तापल्या वाळूतून धावत. सगळा किनारा सावलीत आणि सावली धरणारा मात्र उन्हात, असा तो मामला होता. कामगारांनी छत्रीखाली बसायचं नाही, असा नियमच होता. एकदा चपलेचा अंगठा शिवायला मामा माझ्याखाली टेकले, तर लांबून शिट्टी वाजली. सगळ्या पाहुण्यांनी माना वळवल्या.

"मामा, सावली पाहुण्यांची आहे," साहेब म्हणाले. "वरून मला विचारतात हो, मी काय सांगू?"

मामांनी हात जोडले आणि तुटकी चप्पल घेऊन उन्हात जाऊन उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर ते कधी माझ्याखाली बसले नाहीत.

भाची टॉवेलांची गाडी ढकलत आली की त्यांच्यावर तोंडसुख घेई. "मामा, जरा सावलीत बस ना. डोकं बघ किती तापलंय!"

"अगं, उन्हाची आणि माझी जुनी ओळख आहे."

"ओळख असली म्हणून काय त्याला डोक्यावर बसवून घ्यायचं?"

मामा हसत आणि पुढच्या छत्रीकडे वळत. हे त्यांचं रोजचंच होतं. ती बोलून थकायची नाही आणि ते ऐकायचे नाहीत.

मग ती दुपार आली, मित्रांनो. वारा अगदी पडला होता. समुद्रसुद्धा ताटातल्या पाण्यासारखा निपचित होता. किनारा पाहुण्यांनी फुलला होता आणि सगळ्यांचीच बोटं वर होती. मामा सकाळपासून पळत होते. माझ्याजवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. त्यांनी माझा दांडा धरला. "थांब गं बाई," असं काहीतरी पुटपुटले. माझ्याशी बोलले की कुणाशी, कोण जाणे. मग हळूहळू खाली बसले आणि आडवे झाले.

आणि मला काय झालं सांगू? मला आनंद झाला! वाटलं, बसले एकदाचे. मी माझी सगळी सावली त्यांच्यावर पसरली.

समोरच्या खुर्चीवर एक प्रेमळ बाई होत्या, दोन लेकरांसह. कितीतरी मुलखांचे लोक माझ्याखाली बोलून गेलेत, त्यामुळे मला सगळ्यांचंच बोलणं कळतं. लेकरांनी बादली वाजवली तशी त्या म्हणाल्या, "श्शू! काका झोपलेत, हळू बोला. सकाळपासून राबतायत बिचारे." त्यांनी मामांची पडलेली टोपी उचलली, झटकली आणि डोळ्यांवर उजेड नको म्हणून अलगद तोंडावर ठेवली. मग लेकरांना घेऊन त्या जेवायला गेल्या.

मग सरबताचा ट्रे घेऊन हिंडणारा एक बाप्या आला, मामांचा खोलीतला सोबती. त्याने पाहिलं आणि हसला. "वा मामा, आज राजेशाही थाट!" साहेबांच्या नजरेस पडू नये म्हणून त्याने चार खुर्च्या ओढून मामांपुढे एकावर एक रचल्या. मैत्रीला जागला तो. आता मामा कुणालाच दिसत नव्हते.

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. झोपेतला श्वास मी ओळखते. माझ्याखाली रोज कुणी ना कुणी घोरतं. हा श्वास तसा नव्हता. तो तोकडा होता, घाईघाईचा होता. तेव्हा मला कळलं, मामा झोपलेले नाहीत!

तेवढ्यात भाची आली. मला वाटलं, देव पावला! आता ही हाक मारेल. ती खुर्च्यांमागे डोकावली. मामा सावलीत आडवे, तोंडावर टोपी. तिचा चेहरा असा खुलला! "ऐकलं एकदाचं माझं," ती स्वतःशीच म्हणाली. तिने आपली गार पाण्याची बाटली त्यांच्या हाताशी ठेवली, चाहूल लागू नये म्हणून चप्पल हातात घेतली, आणि पावलं न वाजवता निघून गेली.

मी किती ओरडले! पण छत्रीला तोंड कुठे असतं? ती गाडी ढकलत वळणाआड दिसेनाशी झाली.

आणि मग माझी सावली सरकू लागली. ऊन कलतं तशी ती सरकणारच, तिच्यावर माझा ताबा नाही. मला वाकवायला माणूस लागतो, आणि तो माणूस तर खाली पडला होता. आधी त्यांचं डोकं उन्हात गेलं. मग छाती गेली. मला वाटलं, निदान आडवं तरी पडावं, म्हणजे कुणीतरी धावत येईल. पण वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि मामांनी मला इतकं पक्कं रोवलं होतं की मी तसूभरही हलले नाही. शेवटी पावलांवरचीही सावली निघाली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन पडली. तिथे एक ओला टॉवेल होता. मी त्याच्यावर सावली धरून उभी होते आणि माझा माणूस उन्हात होता.

बऱ्याच वेळाने शिट्टी वाजली. साहेब तरातरा येत होते. "मामा कुठायत? तिकडे छत्र्या वाकवायच्या राहिल्यात!" खुर्च्या बाजूला करून ते गरजले, "मामा! उठा! कामाच्या वेळी झोपा काढता?" मामा उठले नाहीत. साहेबांनी खांदा हलवला, टोपी उडवली, आणि त्यांचा आवाजच बदलला. "अहो मामा... अरे, कुणीतरी या रे! पाणी आणा, बर्फ आणा!"

मग पुष्कळ लोक आले. सगळे हळहळले. भाची धावत आली ती ओल्या चादरीसकट, आणि ती चादर तिने मामांवर घातली. बाटलीतलं पाणी तसंच होतं, फक्त ते गार राहिलं नव्हतं.

मामा वाचले, मित्रांनो. पण पूर्वीचे मामा परत आले नाहीत. मोसम संपायच्या आधीच एका सकाळी भाची माझ्या ठिगळात खोचून ठेवलेलं त्यांचं दाभण घ्यायला आली. ती माझ्याखाली बसली. साहेब तिकडून आले. शिट्टी गळ्यात होती, पण त्यांनी ती वाजवली नाही.

"कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"माणसं ओळखतो. उभा राहिला की तोल जातो. सुई नाही धरता येत." मग ती रडू लागली. "मी आले होते साहेब. मला वाटलं झोपलाय. एक हाक मारली असती तर..."

साहेब वाळूकडे बघत म्हणाले, "मी तरी कुठे वाचवायला आलो होतो पोरी? मी रागवायला आलो होतो."

आता मी कोठीत आहे. माझी एक काडी मोडली आहे आणि कापड विरलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात मला बाहेर काढतील असं वाटत नाही. पण माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या जागी नवी छत्री येईल. माझं मागणं वेगळंच आहे. त्या दुपारी मामांजवळ आलेली सगळी माणसं चांगली होती. रागवायला आलेले साहेब सोडले, तर प्रत्येकाने त्यांना मायेने झोपू दिलं. तेव्हा मित्रांनो, भर उन्हात राबणारं कुणी असं अवेळी आडवं झालेलं दिसलं, तर चवड्यांवर चालत पुढे जाऊ नका. जवळ जा. खांद्याला हात लावा. नाव माहीत नसेल तर काका म्हणा, मामा म्हणा, पण मोठ्याने हाक मारा. खरंच झोपलेला असेल तर तो दचकून उठेल, चिडेल, तुम्हाला चार शब्द ऐकवेल. ऐकून घ्या. मामांच्या तोंडून तसे चार शब्द ऐकायला मी त्या दुपारी किती आसुसले होते!