अडला हरी

माझे सासरे बोलायचे तेव्हा घरात दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची सोय नव्हती. आता त्यांना जेमतेम पाच-सहा शब्द येतात, आणि तरी सगळं घर त्यांच्याच तोंडाकडे बघत बसलं होतं.

मरोळला आमचं झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. गल्लीच्या अलीकडे घर, पलीकडे गाळा. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची टाकून नाना बसले की त्यांना थेट काउंटर दिसतो. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांना तेवढाच उद्योग. उजवा हात गेला, लिहिणं गेलं, बोलणं जवळजवळ गेलं, पण नजर शाबूत राहिली. माझा नवरा, यज्ञेश, गिऱ्हाईक सोडून मोबाइल बघत बसला की वरून नानांची काठी खिडकीच्या गजावर आपटलीच.

यज्ञेशला त्यांनी नावाने हाक मारलेली मी लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती. ‘गाढवाला म्हणावं जेवून घे.’ ‘गाढव कुठे उलथलंय?’ गिऱ्हाइकांदेखतसुद्धा हेच. यज्ञेश हसण्यावारी न्यायचा आणि झोपेत दात खायचा. माझ्या पहिल्या दिवाळीला, माझ्या आईवडिलांसमोर, नानांनी त्याला तशीच हाक मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, आता जोडी झाली." मी ते विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

दुकानातलं मोठं कलर मशीन नानांनी सेकंडहँड घेतलेलं. त्याचा अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता. यज्ञेशने मागितला की म्हणायचे, "माकडाच्या हाती कोलीत देत नसतात." म्हणजे मुलगा घरात गाढव आणि दुकानात माकड.

गेल्या महिन्यात यज्ञेशने इंटरनेटची कंपनी बदलली. नवा राउटर बसला आणि मशीन कॉम्प्युटरला दिसेनासं झालं. मशीनमध्ये नेटवर्कचा नवा पत्ता भरायचा, एवढंच काम. पण त्याला पासवर्ड हवा. काचेवर ठेवलेल्या कागदाची झेरॉक्स निघायची, पण हल्ली कागद घेऊन येतो कोण? सगळे मोबाइलवरून पाठवतात आणि काउंटरला टेकून विचारतात, "दादा, निघाली का?" निघत नव्हती. गिऱ्हाईक नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानात जायला लागलं, आणि नाना ते वरून बघत होते.

मशीन बघायला हर्षद आला, तो नेहमीचा दुरुस्तीवाला. म्हणाला, "सेकंडहँड आहे, कंपनी हात नाही लावणार. रिसेट मारायला पण पासवर्डच पाहिजे. नानांना बोलतं कर ना यार, नायतर नवीन मशीन घे."

यज्ञेशने सगळं टाकून पाहिलं. सासूबाईंचं नाव, दुकानाचं नाव, कुलदैवत, नानांची जन्मतारीख. शेवटी इकडेतिकडे बघून स्वतःचं नाव टाकलं. तेव्हाचा त्याचा चेहरा मी पाहिला. ते लागायला हवं होतं, असं मला फार वाटलं. नाही लागलं.

"गोडीने विचार रे," सासूबाई म्हणाल्या. "अडला हरी गाढवाचे पाय धरी."

तर हरीने खरंच पाय धरले. वाटीत तेल कोमट करून आणलं, नानांच्या पायाशी बसला, लुळा पाय मांडीवर घेऊन चोळला. मग विचारलं, "नाना, मशीनचा पासवर्ड काय आहे?"

नानांनी तोंड हलवलं. शब्द जमवायला त्यांना वेळ लागतो. मान हलवत, यज्ञेशच्या डोळ्यांत बघत ते म्हणाले, "गाढव."

यज्ञेशचे हात थांबले. तेलाचे हात त्याने नानांच्याच पायजम्याला पुसले. "सगळं विसरलाय म्हातारा," तो मला म्हणाला. "हे बरं लक्षात आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाण्याआधी त्याने नानांची खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली. भिंतीवर एक खिळा होता, बाकी काही नाही. नानांना स्वतःहून वळता येत नाही.

"पासवर्ड सांगितलात की फिरवतो," तो म्हणाला.

संध्याकाळी आल्यावर त्याने विचारलं, "पासवर्ड?"

"गाढव."

"बसा मग."

रोज हेच चाललं. तो गेला की सासूबाई धापा टाकत खुर्ची खिडकीकडे करायच्या. ते त्याला समोरून दिसलं. त्याने वर येऊन खुर्ची पुन्हा फिरवली आणि नानांची काठीही उचलून नेली. "आई, परत फिरवलीस तर खुर्चीपण नेईन. पडू दे पलंगावर." त्यानंतर सासूबाईंनी हात लावला नाही. नाना खिळ्याकडे बघून रडायचे. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू, पण फार नाही.

नानांना जेवू मी घालते. एका दुपारी विचारलं, "भात वाढू?"

"नको."

"ताक?"

"हो."

"बरं, आणखी काय पाहिजे? यज्ञेशला बोलावू?"

ते बराच वेळ ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, "यज्ञ. यज्ञ... खुर्ची."

माझा चमचा हातातच राहिला. मुलाचं नाव या तोंडातून मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि मग माझी ट्यूब पेटली. मुलाला ते यज्ञ म्हणत होते. तर मग गाढव कशाला म्हणत होते?

मी तशीच दुकानात गेले. मशीनच्या पडद्यावर इंग्रजीत ‘gadhav’ टाकलं. नाही उघडलं. नाना ‘आ’साठी दोनदा ‘a’ लिहायचे, हे आठवलं. ‘gaadhav’ टाकलं आणि मशीन उघडलं.

यज्ञेश मागे उभा होता. त्याने पडद्यावर वाचलं की मी सांगितलं, ते आठवत नाही. त्याने नवा पत्ता भरला. अडकून पडलेलं सगळं मशीन भराभर ओकायला लागलं: आधार कार्डं, कोणाचे प्रोजेक्ट, कोणाची लग्नपत्रिका.

"ते तुला शिवी देत नव्हते," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. आणि आज तुझं नाव घेतलं, यज्ञ म्हणाले. मी ऐकलं."

"हो ना?" तो म्हणाला. "आणि मशीनला गं? ठेवायला दुसरा शब्द नव्हता?"

मग तो माझ्याकडे पाठ करून पासवर्ड बदलत बसला. नवा काय ठेवला, विचारलं.

"गाढव आहेस का? पासवर्ड कोणी सांगतं?"

संध्याकाळी तो वर आला तेव्हा मी खिडकीपाशी जागा करून ठेवली होती. सासूबाई हात जोडल्यासारख्या उभ्या होत्या. यज्ञेश नानांच्या समोर, भिंतीला टेकून बसला. कधी नव्हे ते त्याचा आवाज मऊ होता.

"नाना, पासवर्ड?"

"गाढव," नाना म्हणाले.

"चूक," यज्ञेश म्हणाला आणि हात धुवायला गेला.

त्याला आता बरेच दिवस झाले. खुर्ची तिथेच आहे. मी एकदा फिरवायला गेले तर यज्ञेशने नुसतं बघितलं, आणि मी हात काढून घेतला. दुकान झकास चाललंय. गल्लीतून दिवसभर आवाज येतो, "दादा, निघाली का?" आणि यज्ञेशचा, "निघाली, निघाली." नानांचे कान शाबूत आहेत. मशीन कशाने उघडलं, हे त्यांना कळलेलं आहे; पासवर्ड बदललाय, हे नाही.

तरी संध्याकाळी तो विचारतो आणि ते सांगतात. काल तर त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, लहान मुलाला शिकवावं तसं, की न जाणो, आपल्याच बोलण्यात काही चुकत असेल.