अभेद्य झालेलं हेल्मेट

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर उलटं टांगलेलं जे जुनं काळं हेल्मेट तुम्हाला दिसतंय, ते मीच. माझ्या आत डोकावून बघा, घाबरू नका. काही दिसतंय का? नाही ना? तेच तर सांगायचंय. मी फार गोड बोलणारा नाही, आणि माझी गोष्टही गोड नाही. पण ऐकलीत तर तुमच्या घरातलं एखादं डोकं वाचेल.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. वरचं काळं कवच एका साच्यात, आतला पांढरा थर्माकोलचा जाड थर दुसऱ्या साच्यात, आणि त्याच्यावर मऊ कापडाचं अस्तर. माझ्यासोबतच्या एका हेल्मेटवर तिथल्या माणसांनी उंचावरून लोखंडी वजन टाकून पाहिलं होतं. वरच्या कवचाला नुसता ओरखडा आला, पण आतला थर्माकोल दबून गेला. सगळा मार त्याने पिऊन टाकला होता. तेव्हाच मला कळलं की आपण चकचकीत दिसतो ते कवचामुळे, पण खरं काम आतला तो पांढरा गडी करतो. त्याला कुणी बघत नाही आणि त्याचं कुणी नावही घेत नाही.

पुढे मी मिरा रोडला आलो. हायवेच्या कडेला तारेवर टांगलेल्या हेल्मेटांच्या रांगेत होतो, तिथे एक दिवस अनसूयाबाई आल्या. त्यांचे यजमान शशिकांत रोज स्कूटरवरून घोडबंदर रोडने ठाण्याला कंपनीत जायचे. लालबागची खोली सोडून इथे मिरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत घर घेतलं तेव्हापासून हा रस्ता नशिबी आला होता, आणि त्या रस्त्यावरचे कंटेनर आणि डंपर अनसूयाबाईंच्या डोक्यातून जात नव्हते. आपण माठ घेताना वाजवून बघतो ना, तसं त्यांनी मला टिचकी मारून वाजवून पाहिलं. दुकानदार हसला. "भाभी, ये मटका नहीं है," म्हणाला. त्या म्हणाल्या, "पता है. फिर भी देखना पडता है."

शशिकांत सुरुवातीला कुरकुरले. अहो, केस जातात, घाम येतो, मान दुखते! पण एकदा वर्सोवा पुलाजवळ ऑइलवरून स्कूटर घसरली आणि मी रस्त्याला घासलो. त्यांना काही झालं नाही. मला डाव्या बाजूला एक ओरखडा आला. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी कोपरात अडकवून नेलं नाही, डोक्यावरच घातलं. बिल्डिंगमधल्या मुलांना तो ओरखडा दाखवून ते म्हणायचे, "हे हेल्मेट नसतं तर मी नसतो." मी फुगायचो. का नाही फुगायचं? कमावलेलं कौतुक होतं.

त्यांची मुलगी रुचिता अकरावीत होती, धाकटा नीरज शाळेत. रुचिताला एका हिंदी कॉमिक्सचं भलतंच वेड. त्यातला वीर होता अभेद्य. त्याच्या पोलादी शिरस्त्राणाला कुठलंही शस्त्र भेदू शकत नसे आणि लढाईच्या वेळी त्याचे डोळे लाल पेटत. कॉलेजात मुली तिला हसायच्या. एवढी घोडी झाली आणि कॉमिक्स वाचते! बरोबरीचे वेडे फक्त दोनच, समोरच्या विंगमधली ममता आणि खालच्या मजल्यावरचा यतीन. अशात बातमी आली की गोरेगावच्या एका हॉलमध्ये रविवारी अभेद्यच्या चाहत्यांचं संमेलन आहे. तिथे वेशभूषेची स्पर्धाही होती. तिघांपैकी कुणीच अशा ठिकाणी आधी गेलं नव्हतं.

रुचिताने मला मागितलं. शशिकांत हसले. "बापाचं हेल्मेट घालून लढाई करणार? घेऊन जा. रंग मात्र लावू नकोस, सोमवारी मला ड्यूटी आहे." त्यांनी स्वतःच्या हाताने मला पुसून तिच्याकडे दिलं.

यतीनच्या घरी मला चंदेरी कागद चिकटवला. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? पण अभेद्यचे डोळे लाल पेटायला हवे होते. गणपतीच्या मखरातले छोटे लाल बल्ब होते, वायर होती, बॅटरी होती. ते सगळं ठेवायला आत जागा नव्हती. यतीनने अस्तर उचकटून पाहिलं.

"थर्माकोल तर आहे यार," तो म्हणाला. "टीव्हीच्या खोक्यात येतो तोच."

मित्रांनो, त्याचा तरी काय दोष काढू? या घरांमध्ये थर्माकोल म्हणजे मखर, थर्माकोल म्हणजे पॅकिंग. विसर्जनानंतर कचऱ्यात जातो तो. त्याने स्क्रू-ड्रायव्हर घालून माझा पांढरा गडी तुकड्या-तुकड्याने बाहेर काढला. मला दुखलं नाही. मला फक्त एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची मला भीती वाटली.

संमेलनाचा दिवस मात्र झकास होता, ते मी नाकारणार नाही. बसमधून उतरून तिघं हॉलच्या रांगेत उभी राहिली तेव्हा ममता लाजून रुचिताच्या मागे लपत होती. आत गेल्यावर लाजच संपली. जुन्या अंकांचे ढीग लागले होते, भिंतींवर पोस्टर होती, आणि कुठला अंक कुठल्या महिन्यात आला यावर दाढीवाले बाप्येसुद्धा हमरीतुमरीवर येऊन भांडत होते. रुचिताला तिथे कुणीही 'अजून कॉमिक्स वाचतेस?' असं विचारलं नाही. ती मला घालून स्टेजवर गेली, यतीनने शिकवलं तसं बटण दाबलं आणि माझे डोळे लाल पेटले. अख्खा हॉल "अभेद्य! अभेद्य!" असा गरजला. आत मी रिकामा होतो. मोठं घर पोकळ वासा म्हणतात, ते त्या दिवशी मला पटलं.

तिला दुसरा नंबर मिळाला, कप मिळाला. नंतर दुर्गा नावाची नाशिकची एक मुलगी भेटली. ती अभेद्यच्या शत्रूच्या वेशात होती आणि इंजिनियरिंगला शिकत होती. तिने कौतुकाने मला हातात घेतलं, उलटं केलं आणि तिचा चेहरा बदलला.

"आतलं काढलंत का गं? मग हे आता गाडीवर घालू नका. जीव वाचवतो तो थर्माकोलच."

परतीच्या बसमध्ये तिघांनी डोकी जुळवली. ममता म्हणाली, आजच काकांना सांगून टाक. यतीन म्हणाला, आपण तिघं मिळून नवीन आणू आणि मगच सांगू, नाहीतर आपली धडगत नाही. रुचिताने मान हलवली. कुणाचं ऐकून हलवली ते मला कळलं नाही.

घरी शशिकांत दारातच उभे होते. त्यांनी कप हातातून घेतला, टीव्हीवर ठेवला आणि शेजारच्यांना बोलावून दाखवला. म्हणाले, माझ्या हेल्मेटला बक्षीस मिळालं! अशा वेळी कोण पोरगी तोंड उघडेल? तिने सगळे झोपल्यावर चंदेरी कागद अलगद सोलला, बल्ब काढले आणि जुन्या सोफ्याचा स्पंज कापून माझ्या अस्तराखाली भरला. बाहेरून मी जसाच्या तसा दिसत होतो. ओरखडासुद्धा तोच.

सोमवारी शशिकांतनी मला डोक्यावर चढवलं आणि थांबले. "आज मऊ लागतंय गं. धुतलंस वाटतं?"

रुचिता दारात उभी होती. "पप्पा..."

"काय?"

"हळू जा."

मी ओरडत होतो, मित्रांनो. पण हेल्मेटला तोंड नसतं. त्यानंतर रोज सकाळी ती दारात यायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि शेवटी तेवढंच म्हणायची. नवीन हेल्मेट रविवारी आणायचं ठरलं होतं. रविवार आलाच नाही.

घोडबंदर रोडला वळणावर खडी सांडली होती. शशिकांत लेकीचं ऐकून हळूच जात होते. स्कूटर आडवी झाली, आणि दुभाजकाची कड आणि त्यांचं डोकं यांच्यामध्ये मी होतो. म्हणजे माझं नुसतं कवच होतं. मार प्यायला आत कुणी नव्हतं. मला एक बारीक चीर गेली. ते गेले.

हॉस्पिटलात लोक हळहळत होते. इतक्या हळू पडला, हेल्मेट होतं, तरी गेला बिचारा. अनसूयाबाईंनी ते वाक्य उराशी धरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, यांनी हेल्मेट घातलं होतं हो, नशिबापुढे कोणाचं काय चालतं! बिल्डिंगमधली पोरंही तेच बोलू लागली. शशिकांतकाकांचं काय झालं बघितलं ना, मग कशाला घालायचं? ज्या ओरखड्याच्या जोरावर ती पोरं हेल्मेट घालायची, त्याच हेल्मेटच्या नावाने ती आता उघड्या डोक्याने फिरू लागली. असा अपमान माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

रुचिताने मला आणि त्या कपाला माळ्यावर टाकलं. ती पुन्हा कुठल्याच संमेलनाला गेली नाही. कॉमिक्स रद्दीत गेली. यतीनचं कुटुंब वसईला राहायला गेलं. ममता अधूनमधून यायची, पण दोघींना बोलायला काही सापडायचं नाही. मी अंधारात धूळ खात पडलो. वर्षं गेली, रुचिता नोकरीला लागली, नीरज मोठा झाला.

एक दिवस खाली आवाज चढलेले ऐकू आले. नीरजने बाइक घेतली होती आणि हेल्मेटला तो नाही म्हणत होता. "पप्पांनी घातलं होतं ना? काय उपयोग झाला?" आणि अनसूयाबाई, ज्यांनी मला वाजवून आणलं होतं त्याच, थकल्या आवाजात म्हणाल्या की त्याचं खरं आहे, नशिबात असेल तेच होतं.

माळ्याचं दार उघडलं. रुचिताने मला खाली आणून आईसमोर ठेवलं.

"आई, पप्पांनी हेल्मेट घातलं नव्हतं."

"काय बोलतेस? डोक्यावर होतं त्यांच्या."

"हे नुसतं वरचं होतं. आतलं आम्ही काढलं होतं, त्या कार्यक्रमासाठी. मला माहीत होतं. मी पप्पांना सांगितलं नाही."

तिने अस्तर ओढलं आणि सोफ्याचा पिवळा पडलेला स्पंज जमिनीवर पडला. अनसूयाबाईंनी मला मांडीवर घेतलं आणि दुकानात मारली होती तशी टिचकी मारली. परत मारली.

"तेव्हा असं वाजलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

उठून नीरजला म्हणाल्या, "चपला घाल. आत्ताच्या आत्ता जायचं." दोघं परत आली तेव्हा नीरजच्या हातात नवं हेल्मेट होतं. रुचिता तिथेच, त्याच जागी बसलेली होती.

त्या दिवसापासून मी या खुंटीवर आहे. अनसूयाबाईंनीच मला उलटं टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं दिसावं म्हणून. बिल्डिंगमधली पोरं विचारतात, तेव्हा रुचिता स्वतः त्यांना सगळं सांगते, काही लपवत नाही. अनसूयाबाई अजून तिच्याशी कामापुरतंच बोलतात.

तर मित्रांनो, एवढं करा. आज घरी गेलात की तुमच्या घरातलं हेल्मेट उचला, त्याच्या आत बोटं घाला, दाबून बघा. आणि घरच्या माणसाला सांगायचं काही मनात राहिलं असेल, तर तो जिना उतरायच्या आत सांगा. मार पडेल, शिव्या पडतील. खाऊन घ्या.

या घरात आता कुणी कुणाला 'हळू जा' म्हणत नाही. नीरज निघाला की रुचिता नवं हेल्मेट हातात घेते, आत हात फिरवते आणि मगच त्याच्याकडे देते. तिच्यानंतर अनसूयाबाईही आत हात घालून बघतात, कारण लेकीच्या बघण्यावर त्यांचा अजून विश्वास नाही.