प्रस्तावावर नाव नव्हतं

दवाखान्यातला लशींचा फ्रीज गरम व्हायला लागला की तिथल्या माणसांना वेळेत कळावं, अशी यंत्रणा एक छोटी कंपनी बनवत होती. तिथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका तिशीतल्या बाईला सगळे खारूताई म्हणत, कारण केलेल्या प्रत्येक कामाची प्रत ती चार ठिकाणी दडवून ठेवायची. या नावाचा तिला फायदाच होता. खरं नाव जितकं कमी उच्चारलं जाईल तितकं बरं.

नवरा तिच्याच क्षेत्रातला होता. त्याने हात फारसा उगारला नाही. त्याची तऱ्हा वेगळी होती. एकदा ऑफिसच्या कार्यक्रमात ती बोलली, तेव्हा तो मागच्या रांगेत बसून होता. घरी आल्यावर दार लावून त्याने तिला तेच भाषण पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, आणि कुठल्या वाक्याला कोणाकडे बघत होतीस ते विचारत राहिला. तिचा घसा पार बसला तरी त्याचं समाधान झालं नाही. पुढे एका सकाळी तो कामावर गेल्यावर ती घरातून निघाली आणि या शहरात आईच्या मावसबहिणीकडे आली. या मावशीला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मावशी पडदे शिवायची. तिने कसली चौकशी केली नाही, फक्त शिलाई मशीन दिवाणखान्यात हलवून आतली खोली मोकळी करून दिली.

खारूताईची यंत्रणा नेटवर्क गेलं तरी चालायची. आजूबाजूचे फ्रीज एकमेकांना निरोप देत आणि तो कुठून ना कुठून बाहेर पोचे. शेजारच्या टेबलावर बसून प्रोग्रॅम तपासणारी टेस्टर, जी तिची मैत्रीणही होती, मागेच लागली: तंत्रज्ञान परिषदेत याच्यावर बोलायलाच हवं, प्रस्ताव पाठव. खारूताई टाळत राहिली. मग टेस्टरने सांगितलं की निवड समिती प्रस्ताव नावाशिवाय वाचते. तेव्हा कुठे तिने तो लिहिला. निवड होणार नाही अशी तिची खात्री होती, आणि तेवढ्या बळावरच तिने बटण दाबलं.

निवड झाली. आता त्यांना तिचं नाव, फोटो आणि दोन ओळींची ओळख हवी होती. तिने परिषदेच्या आयोजक बाईंना फोन करून माघार घेते म्हणून सांगितलं. बाईंनी कारण विचारलं आणि तिने, कसं कोण जाणे, खरं ते सांगून टाकलं. मग त्यांनी नवऱ्याचं नाव विचारून घेतलं आणि संध्याकाळी याद्या तपासून स्वतःच खारूताईला फोन केला. त्यानेही प्रस्ताव पाठवला होता. तो नाकारला गेला, पण परिषदेला यायचं तिकीट त्याने काढलेलं होतं. ते रद्द करता येईल, असं त्या म्हणाल्या.

"नको," खारूताई म्हणाली. "का रद्द केलं, हे तो शोधून काढेल."

शेवटी असं ठरलं की भाषण टेस्टरने करायचं. अवघड प्रश्न आलाच तर उत्तर कळवता यावं म्हणून खारूताईने ऑफिसात बसून फोनवर ऐकायचं.

परिषदेचा दिवस आला. मावशीने पडद्यांचं काम बाजूला ठेवलं आणि तिच्यासोबत ऑफिसात येऊन बसली. फ्रीज तपासायच्या खोलीत दोघी फोनला कान लावून होत्या. टेस्टर झकास बोलली, दोनदा लोक हसलेही. मग प्रश्न सुरू झाले, आणि एक आवाज आला. शांत, अगदी आर्जवी. खारूताईने मावशीचं मनगट धरलं.

तो म्हणाला, भाषण उत्तम होतं, पण एक शंका आहे. या यंत्रणेचा प्रत्येक इशारा आधी काय करायचं ते सांगतो आणि काय बिघडलं ते नंतर. असं लिहिणारी एकच व्यक्ती आपल्याला माहीत आहे. ती कुठे बसते?

टेस्टरने सांगितलं की हे सगळ्यांचं मिळून काम आहे.

"असेल," तो म्हणाला. "तिला एवढंच सांगा, घराचं कुलूप मी बदललेलं नाही."

सभागृहात कोणीतरी हसलं. त्यांना तो विनोद वाटला.

पळावं, आत्ताच, दुसऱ्या शहरात, हेच आधी खारूताईच्या मनात आलं. पण तिकडे सभागृहातल्या पडद्यावर कंपनीचं नाव झळकत होतं. त्याला कळायचं ते कळून चुकलं होतं. मावशी हळूच म्हणाली, "बाळा, आता लपायचं ते कशासाठी?"

तिने फोन उचलला आणि आपला आवाज सभागृहाला ऐकवायला टेस्टरला सांगितलं.

"हे काम माझं आहे. तू माझा नवरा आहेस आणि तुझ्या भीतीने मी घर सोडलंय. इथे बसलेल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढचा प्रश्न घ्या."

मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बॅटरी किती टिकते ते विचारलं आणि तिने ते समजावून सांगितलं.

दोनच दिवसांत तो ऑफिसच्या फाटकासमोर येऊन उभा राहिला. नुसता उभा. खिडकीतून तो दिसताच ती भिंतीला टेकून खाली बसली. रखवालदाराने पोलिसांना बोलावलं. एका वकीलबाईंनी तिच्या वतीने अर्ज केला, आयोजक बाईंनी ऐकलेलं सगळं लिहून दिलं, आणि त्याने तिच्या जवळपास फिरकू नये असा हुकूम कोर्टाने दिला. त्यानंतर तो दिसलेला नाही.

मावशी अजून तिला घ्यायला ऑफिसपर्यंत येते. परवा दोघी घरी चालल्या होत्या, तर मागून एक मोटरसायकल हळू झाली. खारूताईने मागे पाहिलं नाही, मावशीचा हात तेवढा घट्ट धरला. कोणीतरी पत्ता विचारत होतं. मावशीने तो सांगितला. मोटरसायकल वळून दिसेनाशी झाल्यावरच दोघींनी पुन्हा पाय उचलला.